इथेलड्रेडा म्हणजेच ऑड्री

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधल्या सहकारी बाईंनी मुलीचं नाव इथेलड्रेडा ठेवलंय, पण घरचे तिला ऑड्री म्हणतात, ते का? आणि 'टॉड्री' (भडक, दिखाऊ, हलक्या प्रतीचं) हा शब्द याच नावावरून आला म्हणतात, मग नावाचा अर्थ वाईट आहे का?

अर्थ अजिबात वाईट नाही. मूळ जुनं इंग्रजी रूप एथेलथ्रिथ. 'एथेल' म्हणजे कुलीन, 'थ्रिथ' म्हणजे बळ. पण नावांच्या यादीत 'थोर सामर्थ्य असलेली स्त्री' वगैरे लिहितात, ते फार मनावर घेऊ नका. ही जोडनावं होती, आपल्या इंद्रजित-देवदत्तासारखी, आणि पुष्कळदा घराण्याच्या ठरलेल्या तुकड्यांतून जुळवलेली. नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाच्या बापाचं नाव एथेलवुल्फ, भावांची नावं एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड, बहीण एथेलस्विथ! इथे अर्थापेक्षा 'ही आमच्या घरातली' हे सांगण्याला महत्त्व. 'थ्रिथ' हा दुसरा तुकडा मिल्ड्रेडच्या शेवटी आहे, आणि गर्ट्रूडमधलं 'ट्रूड' हे त्याचंच जर्मन भावंड.

नाव टिकलं ते एका राजकन्येमुळे. सातव्या शतकातल्या ईस्ट अँग्लिया या इंग्लंडमधल्या राज्याच्या ॲना राजाची (हो, पुरुषच) ही मुलगी. दोन लग्नं झाली, दुसरं नॉर्थंब्रिया या दुसऱ्या राज्याच्या एग्फ्रिथ राजाशी. पण तिला संन्यासिनीच व्हायचं होतं. शेवटी नवऱ्याला सोडून ती निघाली आणि 673 च्या सुमारास ईली इथे, दलदलीतल्या उंचवट्यावर, तिने मठ स्थापन केला. 679 मध्ये ती वारली, मानेवरच्या गाठीच्या दुखण्याने.

पुढची गोष्ट बीड नावाच्या इतिहासकार साधूने (आपल्या बीडशी संबंध नाही) 731 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात लिहिली आहे. किनेफ्रिथ या वैद्याने ती गाठ कापली होती. ती मात्र म्हणायची की हे दुखणं बरंच झालं, लहानपणी गळ्यात हौसेने दागिने मिरवले त्याचं हे प्रायश्चित्त. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने शव बाहेर काढवलं, तर ते जसंच्या तसं आणि मानेवरची जखम भरून आलेली, असं बीड सांगतो. चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण गळ्याचा मुद्दा लक्षात असू द्या.

आता ऑड्री. लॅटिन दप्तरात नाव इथेलड्रेडा असं राहिलं, लोकांच्या तोंडी मात्र झिजत झिजत ऑड्री झालं. पोथीत प्रतिष्ठान आणि बोलण्यात पैठण, तसाच प्रकार. म्हणजे ऑड्री हे त्या मुलीचं घरगुती लाडाचं नाव नव्हे, तेच नाव आहे. वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांत एखादी ऑड्री आंटी किंवा एथेल आंटी भेटते, त्यांच्या नावांचं मूळही इथेच. फक्त एथेल हे असल्या नावांचा पुढचा तुकडा सुटा काढून एकोणिसाव्या शतकात रूढ झालेलं नाव.

ईलीला 17 ऑक्टोबरच्या सुमारास या संतिणीची जत्रा भरायची. तिथे गळ्यात घालायच्या रेशमी फिती विकायला असत, आपल्याकडच्या गोफासारख्या म्हणा. जिने गळ्यातल्या दागिन्यांचा पश्चात्ताप केला, तिच्याच जत्रेत हा माल! त्यांना 'सेंट ऑड्रीज लेस' म्हणत. भरभर बोलताना 'सेंट'मधला ट पुढच्या शब्दाला चिकटला आणि झालं 'टॉड्री लेस'. लंडनमधल्या टूली स्ट्रीटचं नावही असंच 'सेंट ओलाव्ह'पासून आलंय, तेव्हा ही व्युत्पत्ती ओढूनताणून केलेली समजू नका. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये मोप्सा नावाची धनगराची पोर आपल्या प्रियकराला 'टॉड्री लेस' देण्याच्या वचनाची आठवण करून देते. तिथे ती हौसेची वस्तू आहे, शिवी नाही. पुढे स्वस्त, झगमगीत माल पाहून लोकांनी नाकं मुरडली आणि सतराव्या शतकात तो शब्द हिणकस झाला.

त्याच शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये शेळ्या राखणारी साधीभोळी मुलगी ऑड्री आहे. राणीच्या नावाची अशी गावठी गत झाली होती खरी, पण विसाव्या शतकात ऑड्री पुन्हा झोकात मिरवू लागली, त्यात सिनेनटी ऑड्री हेपबर्नबाईंचा वाटा मोठा.

तेव्हा त्या मुलीला भेटकार्ड पाठवणार असाल, तर त्यावर बिनधास्त पूर्ण नाव लिहा. फक्त सोबत गळ्यातलं काही देणार असाल, तर ईलीची गोष्ट त्या बाईंना आधी सांगून टाका. हसतील त्या.