बोर्ड आहे, पण हाडाला योजना नाही म्हणे!

प्रश्न : ताई, आम्ही दारव्हा तालुक्यातले. परवा बाबा (वय ७१) वावरात धुऱ्यावरून घसरून पडले, एक्सरेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. जवळच्या दवाखान्यावर जन आरोग्य योजनेचा बोर्ड आहे म्हणून तिथंच नेलं, तर म्हणे हाडाच्या ऑपरेशनला योजना नाही, रोख भरा. आमचं कार्ड केशरी आहे. गावातले म्हणतात हाड बसवणाऱ्याकडं न्या. योजनेतला हाडाचा डॉक्टर जवळपास कुठं भेटन?

उत्तर : भाऊ, हाड बसवणाऱ्याचं आधी डोक्यातून काढा. खुबा चोळून-बांधून बसत नाही, आणि या वयात माणूस खाटेवर पडून राहिला की पाठीला जखमा, छातीत कफ, सगळं मागं लागतं, म्हणून ऑपरेशन होईल तितक्या लवकर करा.

आता बोर्डाचं. ते लोक खोटंच बोलले असं नाही बरं का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डॉक्टर नाही, दवाखाना असतो, अन् तोही विभागवार. एखाद्याला किडनीसाठी मान्यता असते, हाडासाठी नसते, बोर्ड मात्र सारखाच! फोनवर नुसतं 'योजना आहे का' विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो, तुम्ही विचारायचं 'ऑर्थो (म्हणजे हाडाचा विभाग) योजनेत आहे का, खुब्याचं ऑपरेशन होते का'. हेच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर पण विचारता येतं.

तुम्हाला जवळ यवतमाळचं सरकारी मेडिकल, नाहीतर मग वर्ध्याकडं सावंगी, सेवाग्रामचे मोठे दवाखाने. मी असते तर आधी यवतमाळच गाठलं असतं. गर्दी असते, पण रोज असेच खुबे येतात तिथं. १०८ बोलवा, पाय हलू देऊ नका.

पोचल्यावर आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, शोधा. रेशन कार्ड, आधार, एक्सरे हातात ठेवा आणि बाबांचं नाव दोन्हीकडं सारखं आहे का ते आत्ताच बघून घ्या, माझ्या मावशीच्या वेळी एकीकडं शांता अन् दुसरीकडं शांताबाई, त्या 'बाई'पायी अर्धा दिवस गेला. इमर्जन्सी असली तर फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात, पण ते आपणच आठवण करून द्यावं लागतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. आत बसवायचा गोळा, रॉड, स्क्रू पॅकेजातच येतं, बाहेरून आणा असं कोणी म्हटलं तर पैसे काढायच्या आधी आरोग्यमित्राला गाठा.