व्याख्या पाठ, पण अलंकार ओळखता येत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत आहे. उपमा, रूपक, कथानक, निवेदक, दावा, पुरावा, प्रतिवाद… सगळ्यांच्या व्याख्या धडाधड म्हणतो. पण नवी कविता समोर आली की अलंकार ओळखता येत नाही. ‘वर्गात मोबाइल असावा का?’ या निबंधात त्याने लिहिलं, ‘नसावा, कारण मोबाइल वाईट असतो.’ बाईंनी शेजारी शेरा मारला, ‘पुरावा?’ परीक्षा तोंडावर आली आहे. उजळणी कशी घेऊ?
– एक आई

उत्तर : मुलाने मेहनत केली आहे, ती वाया जाणार नाही. फक्त व्याख्या विचारणं आजपासून थांबवा.

वही मिटा, त्याला एक वाक्य द्या आणि ते फिरवायला सांगा. ‘ढग कापसासारखे दिसतात’ ही उपमा. ढग उपमेय, कापूस उपमान. ‘ढग म्हणजे जणू कापूसच’ म्हटलं की उत्प्रेक्षा. ‘आभाळभर ढगांचा कापूस पसरला’ हे रूपक. ‘ढग रुसून बसले’ ही चेतनगुणोक्ती, निर्जीव ढग माणसासारखे वागताहेत. मुलं ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढंच घोकतात आणि कवितेत ‘गमे’ किंवा ‘भासे’ आलं की अडतात. म्हणून त्याला विचारा, कवी काय करतोय? दोन गोष्टी सारख्या आहेत म्हणतोय, ही तीच असावी अशी कल्पना करतोय, की दोन्ही एकच मानून मोकळा झालाय? हे कळलं की खुणेचा शब्द नसला तरी चालतं.

वही मिटायला सांगते त्याला कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय मला’ असं वाटतं, तिथेच मुलं फसतात.

शब्दसंपत्तीसाठी नवा शब्द स्वतःच्या वाक्यात वापरायला लावा, बस. कथेच्या बाबतीत एकच जपा : निवेदक म्हणजे लेखक नव्हे. ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारं पात्र खोटंही बोलू शकतं, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

आता निबंध, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं उदाहरण त्याला सांगा. ‘डोंगरावर आग आहे’ ही प्रतिज्ञा (म्हणजे दावा), ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू (म्हणजे कारण), ‘जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत’ हे उदाहरण. धूर ही आगीपेक्षा वेगळी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, म्हणून तो हेतू ठरतो. तुमच्या मुलाचं ‘वाईट असतो’ म्हणजे ‘नसावा’चंच दुसरं रूप, दावाच पुन्हा सांगितलाय. ‘लक्ष विचलित होतं’ हे कारण झालं. पुरावा मात्र त्याला गोळा करू दे : मोबाइल शेजारी ठेवून धडा वाचायचा, नजर तिकडे गेली की वहीत रेघ मारायची, मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तेवढाच वेळ वाचायचं. जो आकडा येईल तो निबंधात लिहायचा, दाव्याच्या विरुद्ध गेला तरी.

प्रतिवादासाठी तुम्ही समोर बसा आणि मोबाइलच्या बाजूने मनापासून भांडा. ‘अडचणीत घरी फोन कसा करणार? शब्दाचा अर्थ कुठे शोधणार?’ यालाच पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो लेचापेचा ठेवला तर खंडनालाही धार येत नाही. ‘काही जण म्हणतील…’ने सुरू होणारा परिच्छेद त्याने तुमच्या बाजूने इतका नीट लिहावा, की वाचून तुम्ही ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणाल. खंडन त्यानंतर लिहायला घ्यावं.