इलेक्ट्रिक गिटारसाठी तुमचे आवडते पिकअप कोणते? त्यांच्या टोनमध्ये नेमका काय फरक असतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुलुंडला राहता, गिटार स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, स्वस्तातली, तीन सिंगल कॉइलवाली (एकेका कॉइलच्या तीन पिकअपची) आहे. ब्लूज आणि जुनी हिंदी गाणी वाजवता, गणपतीत कॉलनीच्या स्टेजवरही उभे राहता. आवाज पातळ आणि टोचणारा वाटतो, म्हणून पिकअप बदलून हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकावा असं मनात आहे.

आधी आवडीचं सांगते. माझा सगळ्यात लाडका पी-नाइंटी, म्हणजे गिब्सन कंपनीचा रुंद सिंगल कॉइल. त्याच्या पाठोपाठ टेलीकास्टर या फेंडरच्याच दुसऱ्या गिटारचा ब्रिज पिकअप (तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा) आणि स्ट्रॅटचा नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा). तिन्ही अल्निको या मिश्रधातूच्या मॅग्नेटचे, तिन्ही बेताच्या आउटपुटचे. मी ऑर्केस्ट्रात वाजवते, आणि तिथे मला पिकअपकडून एकच हवं असतं: प्लेक्ट्रम हलकं लागलं तर आवाज हलका यावा, जोरात लागलं तर अंगावर यावा. हाताचा हा फरक जो पिकअप पुसून टाकतो तो कितीही महागाचा असला तरी माझ्या कामाचा नाही.

पण पैसे काढण्याआधी स्क्रूड्रायव्हर काढा. पिकअप म्हणजे मॅग्नेट आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार वर थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते आणि तीच अॅम्पकडे जाते. मात्र मॅग्नेट तारेला खाली ओढतही असतो. पिकअप फार वर उचललेला असेल तर तार मोकळी हलत नाही, सूर लवकर मरतो आणि आवाज कडक होतो. सहावी तार बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबून जोरात छेडा आणि कान लावून ऐका. एकाच तारेतून दोन किंचित वेगळे सूर येऊन आवाज डुगडुगतोय का? तसं होत असेल तर नेक पिकअप तारेच्या फार जवळ आहे. स्ट्रॅटच्या खऱ्या पिकअपमध्ये सहाच्या सहा पोल (प्रत्येक तारेखालच्या खुंट्या) हेच मॅग्नेट असतात, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त.

मोजायचं असं: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेची खालची बाजू ते पोलचं डोकं यातलं अंतर बघा. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपसाठी फेंडरचं माप जाड तारेकडे साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर आहे. मी नेक पिकअप याहूनही थोडा खाली ठेवते आणि आवाज अॅम्पवर वाढवते. रिषभावरून गंधारावर तार खेचून मींड घेतली की सूर वर पोचेपर्यंत जिवंत राहतो. जुन्या हिंदी गाण्यांचे पीस वाजवायचे तर ही गोष्ट कुठल्याही ब्रँडच्या नावापेक्षा मोलाची आहे.

दुसरं, तुमचे पिकअप नेमके कुठल्या जातीचे आहेत ते पाहून घ्या. पिकगार्ड उघडा आणि पिकअप उलटा करा. खाली एक-दोन काळपट पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या तर ते सिरॅमिक मॅग्नेट, आणि वरचे पोल नुसत्या लोखंडाच्या खुंट्या. स्वस्त गिटारींत बहुधा हेच निघतं. पट्टी नसेल आणि पोल स्वतःच मॅग्नेट असतील तर ते अल्निको, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू. सिरॅमिकवाल्या स्वस्त पिकअपमध्ये नाजूक छेडलेला सूर आणि ठोकून छेडलेला सूर यांच्यातलं अंतर मला कमी वाटतं. तुमच्या गिटारीत पट्ट्या निघाल्या तर पिकअप बदलण्याला खरंच अर्थ आहे. मूळचेच अल्निको असतील तर घाई करू नका.

आता पी-नाइंटीबद्दल. गिब्सनने हा १९४६ च्या सुमारास आणला. स्ट्रॅटच्या पिकअपसारखीच ४२ गेजची तार, पण स्ट्रॅटला साधारण ८,००० वेढे, तर इथे जवळपास १०,०००. आणि कॉइल उंच-अरुंद असण्याऐवजी रुंद आणि चपटी. खाली दोन अल्निको पट्ट्या, मधे लोखंडी स्क्रू. रुंद कॉइल वर थरथरणाऱ्या तारेचा जास्त लांबीचा तुकडा पकडते, शिवाय वेढे जास्त, म्हणून मधला भाग भरून येतो. तरी सिंगल कॉइलचा दाणा शाबूत राहतो. रात्रभर गाऊन तापलेल्या गळ्यासारखा आवाज आहे हा: किंचित खरखरीत, पण प्रत्येक शब्द स्पष्ट. गिटारीचा व्हॉल्यूम सहावर ठेवला की जवळजवळ स्वच्छ, दहावर नेला की अॅम्प फुटायला लागतो. मधे पेडल लागत नाही. ब्लूजसाठी मला याच्यापुढे काही सुचत नाही.

त्याची अडचणही सांगायला हवी. हार्मोनिअम किंवा कीबोर्डचे भरलेले कॉर्ड चालू असताना पी-नाइंटीचा मधला भाग त्यांच्याच जागेत घुसतो आणि दोन्ही गढूळ होतात. अशा गाण्याला मी टेली उचलते. टेलीकास्टर १९५० मध्ये आधी ब्रॉडकास्टर या नावाने बाजारात आली. तिचा ब्रिज पिकअप तिरका बसवलेला असतो, म्हणजे बारीक तारांकडची बाजू ब्रिजला जास्त जवळ. सभोवती स्टीलची ब्रिज प्लेट, आणि पिकअपच्या तळाला तांब्याचा मुलामा दिलेली आणखी एक स्टीलची प्लेट. या सगळ्यामुळे स्ट्रॅटच्या ब्रिजपेक्षा तो भरीव वाजतो आणि टोकदारपणाही सोडत नाही. ढोलकीची चाट आणि गिटारचा तुटक कॉर्ड एकाच मात्रेवर पडले तरी टेली बुजत नाही. लावणीच्या ठेक्यावर तिच्यासारखं दुसरं काही मी ऐकलेलं नाही.

स्ट्रॅट १९५४ ची. तिचा नेक पिकअप गोल आणि घंटेसारखा स्वच्छ, मींडेला सर्वोत्तम. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनचा (दोन पिकअप एकत्र) तो पोकळ, पाणीदार आवाज तुम्हाला माहीत असेलच. मूळ गिटारला तीनच पोझिशनचा स्विच होता. वादक तो मधे अडकवून हा आवाज काढायचे, आणि पाच पोझिशनचा स्विच कारखान्यातून यायला १९७७ उजाडलं. ब्रिज पिकअप मात्र नुसता वाजवला तर टोचतो, आणि तुमची मुख्य तक्रार बहुधा त्याचीच आहे. कारण साधं आहे: स्ट्रॅटच्या पारंपरिक वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनची चावीच जोडलेली नसते. स्विचवर वायरचा एक छोटा तुकडा टाकून खालचा टोन पॉट (टोनच्या चावीखालचा फिरता रोध) त्याला जोडता येतो. सोल्डरिंग येणारा कोणीही हे पाच मिनिटांत करून देईल. मग टोन सातपर्यंत उतरवून ब्रिज पिकअप ऐका. अनेकांची पिकअप बदलण्याची इच्छा इथेच संपते.

हंबकर. सेथ लव्हर या गिब्सनच्या इंजिनिअरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून तो लेस पॉलवर बसू लागला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असायचं, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीची मॅग्नेटची दिशा आणि वेढ्यांची दिशा दोन्ही दुसरीच्या उलट. बाहेरून शिरलेली गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. तार दोन ठिकाणी ऐकली जाते, त्यामुळे वरचे काही हार्मॉनिक्स गळतात आणि आवाज जाड, मऊ होतो. केबल जोडल्यावर स्ट्रॅटच्या पिकअपचा उठाव, म्हणजे जिथे आवाज सगळ्यात जोरकस होतो ती जागा, ढोबळमानाने ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, तर भरपूर गुंडाळलेल्या हंबकरचा २ च्या आसपास येतो. टोचणं आणि मऊपणा यातला बराचसा फरक एवढ्यातच आहे.

हंबकरमध्ये मला पीएएफच्या वळणाचे, म्हणजे कॉइलचा रोध ७.५ ते ८.५ किलोओहमच्या आसपास असलेले आवडतात. सेमोर डंकनचा फिफ्टी-नाइन त्याच घराण्यातला. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आणि डंकनचा जेबी हे गरम पिकअप. रॉकमध्ये लांब टिकणाऱ्या सोलोसाठी दोन्ही उत्तम, पण साध्या क्लीन आवाजात हाताचा चढउतार दबतो. ईएमजीचे ९ व्होल्ट बॅटरीवर चालणारे अॅक्टिव्ह पिकअप मेटलवाल्यांसाठी चोख आहेत. तुमच्या गाण्यांना ते लागणार नाहीत.

किलोओहमचा आकडा बघून पिकअप घेऊ नका, हे आवर्जून सांगते. जेबी १६ किलोओहमच्या पुढे दिसतो त्यात कॉइलच्या बारीक तारेचा मोठा वाटा आहे. तार बारीक झाली की रोध आपोआप वाढतो. दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट आवाज असं काही नसतं. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. २० अंशांवर ६ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्याकडे मे महिन्यात ३३ अंशांवर ६.३ दाखवेल. दुकानदाराने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका.

गणपतीच्या स्टेजचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. रोषणाईच्या माळा, डिमर, जनरेटर, शेजारी कीबोर्डचा अडॅप्टर. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या वरची झणझण सिंगल कॉइल इमानेइतबारे पकडतो. यावर उपाय आहेत. जागेवरच हळूहळू गोल फिरून पाहा, एका दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे तोंड करून वाजवा. मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या मॅग्नेटचा असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला गिटार हंबकरसारखीच शांत होते. आतल्या खाचेला तांब्याची टेप लावली तर झणझण कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची खालची गुणगुण तिने जात नाही. आणि तारांवर हात ठेवल्यावर आवाज शांत होतो तो तारा अर्थला जोडलेल्या असतात म्हणून. अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका आणि कोणाला काढू देऊ नका. मंडपाच्या वायरिंगमध्ये गडबड असेल तर एक हात तारेवर आणि ओठ माइकवर, हा प्रसंग जिवावरचा आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझा क्रम असा. पिकअप खाली घ्या, ब्रिजला टोन जोडा, नव्या तारा चढवा आणि काही दिवस वाजवा. एवढ्यावर समाधान झालं नाही आणि आत सिरॅमिक पट्ट्या निघाल्या, तर कमी आउटपुटचा अल्निको ५ (अल्निकोचा एक प्रकार) चा सेट घ्या, मधला उलट्या वेढ्यांचा आहे हे विचारूनच. स्टेजवरची गुणगुण खरंच असह्य असेल तर फक्त ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर बसवा, म्हणजे लाकूड कोरावं लागत नाही. नेक पिकअपला हात लावू नका, ब्लूज त्याच्यातच आहे. तुम्हाला पी-नाइंटीचं वेड लागलं तर मात्र स्ट्रॅटमध्ये तो कोंबण्यापेक्षा पी-नाइंटीवालीच दुसरी गिटार बघा. धोबी तलावच्या दुकानांत एक दुपार काढा आणि अॅम्प क्लीनवर ठेवून वाजवून पाहा, डिस्टॉर्शनमध्ये सगळे पिकअप सारखेच चांगले वाटतात.

पॉट बदलायचे झाले तर सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला ५०० के हा रिवाज आहे. पॉटचा आकडा वाढला की आवाज उजळतो, म्हणून टोचणाऱ्या गिटारमध्ये ५०० के घालू नका. लॅमिंग्टन रोडला पॉट, कपॅसिटर, सोल्डर सगळं मिळतं. पॉटचा दांडा तुमच्या नॉबमध्ये बसतोय ना एवढं जुना पॉट सोबत नेऊन पाहा. पावसाळ्यात उंचीचे स्क्रू गंजतात, तेव्हा बदलताना तेही नवे घाला.

जुने पिकअप काढण्याआधी वायरिंगचा फोटो काढून ठेवा. नवा पिकअप जुन्यांसोबत लावल्यावर दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनला आवाज एकदम खंगलेला, नाकातला वाटला तर पिकअप खराब नाही, त्याची फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे आवाज एकमेकांना खोडतात. नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, काम होईल.