दुसरी वस्ती घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कंपनी पैसे देतेय, वर्षभरात पाच वस्त्यांत अभ्यासिका काढायच्यात, हो म्हणू का, असं विचारलंयस. एका वस्तीला हो म्हण.

आमची अभ्यासिका पुण्यात पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत, गणेश मंडळाच्या खोलीत सुरू झाली. (गणपतीचे दहा दिवस खोली देखाव्याला, पोरं आमच्या घरात.) मी हजेरीपटापेक्षा दारातल्या चपला बघायचो. एका पावसाळ्यात लक्षात आलं, आठवीपुढच्या मुलींच्या चपलाच नाहीत. पटावर मात्र सगळ्या हजर! वर्ग घेणारा आमचा दादा सवयीने खुणा करत सुटला होता. घरोघर फिरलो तेव्हा कळलं, वर्ग सुटतो साडेआठला आणि बोळातला दिवा महिनाभर बंद. सकाळी घ्यावा तर सातला नळाला पाणी. शेवटी मुलींचा वर्ग संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात केला. पंधरवड्यात चपला परत आल्या. पाच वस्त्या असत्या तर हे मला अहवालातून कळलं असतं, म्हणजे कळलंच नसतं.

नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरं फुटबॉलला जमवली. त्या मैदानात खेळलेलीच पोरं पुढे प्रशिक्षक झाली, म्हणून ते काम बाहेर पसरू शकलं. तुझ्याकडे शिकून परत वर्गावर उभ्या राहिलेल्या ताया किती? दोन असतील तर दोनच वर्ग.

आता पैसे. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नवा करार होऊन हप्ता पडेपर्यंत कधीकधी जुलै उजाडतो. मधल्या तीन महिन्यांचं तायांचं मानधन कुठून देणार, ते आजच ठरव. १२ए, ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या आणि कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, हे सगळं सीए बघेल. पण विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो तूच लक्षात ठेव. आम्ही आळस केला. दोघे विश्वस्त पुणं सोडून गेले, नवे कागदावर आलेच नाहीत आणि बँकेत सह्या अडकल्या. चार महिने खडू-वह्या माझ्या पगारातून. बायको अजून ऐकवते.

कंपनीच्या बाईंना सही करण्याआधी एकदा संध्याकाळी वर्गात बोलाव. प्रेझेंटेशन वगैरे नको. सतरंजीवर बसू देत तासभर. मीही येतो, फक्त शनिवार सोडून सांग.