पाने गळालेले झाड मेलेले नसते

दरवर्षी काही झाडांची पाने का गळतात, आणि दारातले झाड निष्पर्ण झाले म्हणून ते तोडावे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तोडू नका.

साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत एक काटेसावर होती. थंडीत तिची सारी पाने गळत आणि पुढे उन्हे तापू लागली की लाल फुलांवर मैना, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडे. एका डिसेंबरातल्या सभेत तत्कालीन सचिवांनी झाड वठले आहे, गाड्यांवर पडेल, असे सांगून ते तोडण्याचा ठराव मांडला. मी उभा राहून सांगितले की पान गळणे हे जिवंत झाडाचेच काम आहे. पानातील नत्र, स्फुरद, पालाश यांचा बराचसा भाग झाड आधी फांदीत ओढून घेते, हरितद्रव्य मोडते म्हणून पान पिवळे दिसते, आणि मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलग होणारा थर तयार होऊन पान सुटते. मोडलेल्या फांदीला हे साधत नाही, म्हणून तिची पाने वाळूनही तिलाच लटकून राहतात. मी एक डहाळी नखाने खरवडून आतली हिरवी सालही दाखवली. तरीही ठराव मंजूर झाला, आणि पुढच्याच रविवारी पाडलेल्या त्या झाडाच्या फांद्यांवर कळ्या धरलेल्या सर्वांनी पाहिल्या. ‘वादासाठी वाद घालतो’ हे माझ्याविषयीचे मत मात्र कोणी बदलले नाही.

आता पहिला प्रश्न: पाने गळण्याचे कारण पाण्याचे आहे. पानांतून सतत बाष्प बाहेर पडते. पावसाळ्यानंतर जमिनीतली ओल आटत जाते, तेव्हा साग, पळस, पांगारा, सावर पाने टाकून तो खर्च थांबवतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे अंजनी, जांभूळ बारमाही हिरवी राहतात. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो, तिथे हा खर्च परवडत नाही. सदाहरित झाडांचीही पाने गळतात, पण थोडी थोडी, म्हणून ते जाणवत नाही. थंड देशांत हेच काम कडाक्याची थंडी आणि लहान होत जाणारा दिवस करवून घेतात.

भर पावसाळ्यात पानगळ झाली, किंवा एकाच बाजूची पाने वाळून फांदीलाच चिकटून राहिली, तर कीड अथवा मुळांचा रोग असू शकतो. तेव्हा जाणकाराला जरूर दाखवा. एरवी पावसाळा लागेपर्यंत थांबा आणि गळालेला पाला जाळण्याऐवजी बुंध्याभोवती पसरा. आणि आपल्याही सोसायटीत कोणी ठराव मांडलाच, तर शहरी हद्दीतले झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नगरपालिका किंवा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सभेतच लेखी द्या. आमच्या सभेत ती परवानगी कोणीही मागितली नव्हती.