माघ सरताना बागेत पहिलं काम मोगऱ्याचं

नागपुरातलं हे कोवळं ऊन फार दिवस टिकत नाही, तेव्हा सकाळी नऊच्या आत खुरपी घेऊन बसा. आधी मोगरा. त्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून फांद्या एक तृतीयांश छाटा, वरची माती हलकेच उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण अजिबात नको. कुजताना ते तापतं आणि मुळं जळतात. आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नका. ओली असताना पाणी धरून मुळं कुजवते, वाळली की भेगाळून मुळं तोडते. निम्मी माती, उरलेल्यात शेणखत आणि जाड रेती. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. सावलीसाठी हिरवी जाळी एप्रिलआधीच बांधा.