मेझो-सोप्रानोला ऑपेरात आणि मैफिलीत नेमकं काम काय मिळतं?

प्रश्न असा आहे: "वय 22, पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकते आहे. शिक्षिका म्हणतात, तू मेझो आहेस. मुख्य भूमिका तर सोप्रानोलाच असतात, मग मेझोचं करिअर होतं का?"

होतं. (सोप्रानो म्हणजे बाईचा सर्वांत उंच आवाज, मेझो-सोप्रानो त्याच्या एक पायरी खाली.) पण आधी 'मेझो' हा शिक्का पारखून घ्या. खर्ज लागतो म्हणून कोणी मेझो होत नाही, तो बऱ्याच सोप्रानोंनाही लागतो. पाहायचं ते हे, की आवाज न दमता कुठे राहतो आणि वरचा सांधा, म्हणजे वर जाताना आवाजाची जात बदलते ती जागा, कुठे येतो. पेटीवर सांगायचं तर मेझोचा पल्ला साधारण मंद्रातल्या पांढरी सहापासून तारातल्या पांढरी सहापर्यंत. वरचा सांधा तारातल्या पांढरी तीन-चारला येतो. सोप्रानोचा काळी तीनच्या आसपास. फरक अर्ध्या-एक सुराचा, पण तीन तासांच्या भूमिकेत तोच घसा धरतो. वरचे सूर अजून तयार नाहीत एवढ्याच कारणाने मेझो ठरवलेल्या मुली पुढे सोप्रानो निघतात. 22 व्या वर्षी हा निकाल कच्चाच समजा.

आपल्याकडे गायिका पट्टी सांगते आणि तंबोरे तसे लागतात. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली, माइक नाही, आणि मध्ये अख्खा वाद्यवृंद. त्यामुळे आवाजाला पेलेल अशी भूमिका शोधणं हेच अर्धं करिअर आहे.

मेझोची सुरुवात बहुधा मुलग्यांच्या भूमिकांनी होते. मोझार्टचा केरुबिनो, हुम्परडिंकचा हेन्सेल, गुनोच्या 'फाउस्ट'मधला सिबेल. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून नायिका व्हायचे, ऑपेरात बाई विजार घालून पोरगा होते. केरुबिनोच्या दोन आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) छोट्या आहेत, पण चालणं, बसणं, टोपी काढणं मुलाचं वाटलं नाही तर नुसतं गाणं वाचवत नाही. मग रोसिनीच्या तानांनी भरलेल्या भूमिका, म्हणजे रोझिना आणि चेनेरेन्तोला. श्ट्राउसचा ऑक्टेव्हियन त्यानंतर; 'रोझेनकाव्हालियर'मध्ये तिन्ही अंकांत तो जवळजवळ सतत रंगमंचावर असतो. व्हर्दीची अ‍ॅम्नेरिस, एबोली, अझुचेना या जड भूमिका तिशीच्या मध्यापर्यंत लांब ठेवा. 'कार्मेन' फसवी आहे. हबानेरा हे तिचं प्रसिद्ध गाणं कोणीही गाईल, पण तिसऱ्या अंकातला पत्त्यांचा प्रसंग खालच्या सुरांत, संथ आणि जड वाद्यांवर आहे. तिथे आवाज पोहोचवायला छाती दाबून गायलं, की चौथ्या अंकात वरचं काही उरत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'मेझो वाटावं' म्हणून आवाज मुद्दाम गडद करणं. त्यासाठी जिभेचं मूळ खाली दाबलं जातं, त्याच्याबरोबर स्वरयंत्रही. स्वतःच्या कानाला आवाज भारदस्त वाटतो, पण सभागृहात तो मागच्या रांगेपर्यंत जात नाही, आणि काही वर्षांत सूर हलायला लागतो. स्वतःच्या कानावर विसंबू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डर ठेवून ऐका.

ऑडिशनला साधारण पाच आरिया तयार लागतात. इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या भाषा आल्या पाहिजेत आणि एक तरी मोझार्टची हवी. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे मागतात, म्हणून यादीत 'जमेल बहुतेक' अशी एकही नको. रोझिनाची आरिया नेत असाल तर प्रत तपासा. मेझोसाठी ती ई मेजर या पट्टीत आहे, सोप्रानो ती एफ मेजरमध्ये गातात. चुकीची प्रत दिली तर पियानोवादक समोर दिसेल तेच वाजवणार.

नोकरी म्हणावी अशी गोष्ट मुख्यतः जर्मन भाषिक देशांतल्या ऑपेराघरांत मिळते. तिथे महिन्याच्या पगारावर गायकांचा कायमचा संच असतो. एका हंगामात अनेक भूमिका, त्यातल्या बऱ्याच दासी-मैत्रिणींच्या. जर्मनीत पुढच्या हंगामाला करार वाढवणार नसतील तर नव्या गायकांना ते 31 ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे तिथला ऑक्टोबर गायकांच्या पोटात गोळा आणणारा. स्वतंत्र काम करणाऱ्यांना मानधन प्रयोगागणिक मिळतं. चार-सहा आठवडे तालीम करून ऐन दिवशी घसा बसला, तर त्या प्रयोगाचे पैसे बहुधा येत नाहीत. एजंटचे 10 ते 15 टक्के वेगळे.

हा जिना कसा चढायचा हे जर्मन मेझो क्रिस्टा लुडविगकडे पाहून कळतं. 1946 मध्ये फ्रँकफुर्टला 'फ्लेडरमाउस'मधला प्रिन्स ऑर्लोफ्स्की, म्हणजे पुन्हा पुरुषाचीच भूमिका. मग डार्मश्टाट, हानोवर, आणि 1955 मध्ये व्हिएन्ना. निरोप 1994 मध्ये. इंग्लिश मेझो जॅनेट बेकरचा रस्ता उलटा. तिचं नाव मैफिलींतून अधिक झालं. ऑपेरा तिने 1982 मध्ये ग्लाइंडबोर्नला ग्लुकच्या ऑर्फेओने थांबवला आणि मैफिली चालू ठेवल्या.

मैफिलींकडे दुय्यम म्हणून पाहू नका. बाखचे पॅशन, हँडेलचा 'मेसायाह', मेंडेल्सोनचा 'एलायजा', एल्गारचा 'जेरोंशियस', व्हर्दीचा रेक्विएम, मालरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि आठव्या सिंफनी, सगळीकडे मेझो किंवा ऑल्टो (बाईचा सर्वांत खालचा आवाज) लागतेच. हातात प्रत धरून गाता येतं, आणि वाद्यवृंदाबरोबर तालीम अनेकदा एकच, कधी कधी त्याच दुपारी. म्हणून काम आधीच पाठ हवं. पियानोबरोबरच्या गीतांत पट्टी बदलता येते. शुबर्ट-ब्राम्सची पुस्तकं उंच, मध्यम, खालच्या आवाजांसाठी वेगळी छापली जातात. ओरॅटोरिओत, म्हणजे 'मेसायाह'-'एलायजा'सारख्या वाद्यवृंद आणि समूहगानाच्या कामांत, ती मुभा नाही. शिवाय जुन्या वाद्यांचे बरोक संच ए हा सूर बहुधा 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे आजच्या 440 पेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली. बाखमधला ऑल्टो आधीच खाली असतो, तिथे तो आणखी उतरतो. या कामांत काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या उंचीवर गाणाऱ्या पुरुषांशी स्पर्धा असते हेही धरून चला.

दोन जागांची तयारी आधीपासून करा. व्हर्दीच्या रेक्विएममधला 'आग्नुस देई' हा भाग सोप्रानो आणि मेझो साथीशिवाय, एका सप्तकाच्या अंतराने, एकच चाल गात सुरू करतात. मेझो केसभर उतरली की वाद्यवृंद आल्यावर ते सगळ्यांना कळतं. सोप्रानोबरोबर ती ओळ पियानो बंद ठेवून गा आणि शेवटी पियानोवर सूर दाबून पाहा. दुसरी जागा मालरची तिसरी सिंफनी. मेझोचा पहिला शब्द चौथ्या भागात येतो, तोपर्यंत तासभर गेलेला असतो, आणि सुरुवात अगदी हळू, खालच्या सुरात. मंचावर गप्प बसून घसा थंड पडतो. आधी वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरला विचारा, पहिल्या भागानंतर आत आलं तर चालेल का. बरेच जण हो म्हणतात.